उघडल्यावर जे निघेल ते

पक्कड चार पावलांवर होती. त्या चार पावलांच्या आळसापायी मिस्त्रींचा दात गेला, हे बायकोने पुढे इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी मिस्त्री ते स्वतःच सांगायला लागले. निदान स्वतः सांगितलं की लवकर संपतं.

झालं असं, की मिस्त्री पुढच्या खोलीत लेकीसाठी कपाट करत बसले होते. लेकीचं लग्न अठरा दिवसांवर आलेलं. एक खिळा ठोकताना वाकडा गेला. दुसरा कुणी असता तर उठून पक्कड घेऊन आला असता. पण मिस्त्री तीस वर्षं खिळे दातांत धरून काम करत आले होते, आणि आपले दात हे पेटीतलंच एक हत्यार आहे अशी त्यांची समजूत होती. ते वाकले, समोरच्या दातांत खिळ्याचं डोकं पकडलं आणि मान जोरात मागे घेतली. खिळा जागचा हलला नाही. दात मात्र बाहेर आला, निम्मा.

"अहो, काय झालं?" आतून बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग ओरडलं कोण?"

लेक धावत आली. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"बाबा! फोटो!"

आता या फोटोचं असं होतं, की लेकीने लग्नात बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत मिस्त्री पोलीस चौकीत बसवल्यासारखे दिसायचे. ओठ मिटलेले, डोळे वटारलेले, हात मांड्यांवर. लेकीच्या वाढदिवसाच्या फोटोत तर केक जप्त करायला आल्यासारखे उभे होते. "मला दागिना नको, काही नको," लेक म्हणाली होती, "माझ्या लग्नात एक फोटो तुम्ही तोंड उघडून, मोकळं हसून काढायचा." मिस्त्रींनी शब्द दिला होता. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आणि लेकीला दिलेला शब्द यांत ते फरक करत. लेकीला दिलेला पाळत.

"एवढं काय त्यात," ते म्हणाले. "तीस वर्षं लोकांची दारं बसवतोय. एक दात बसवता येणार नाही होय मला?"

आणि त्यांनी खरोखरच दात केला. पांढऱ्या लाकडाचा तुकडा घेतला, कानशीने आकार दिला, शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, वर पातळ पॉलिशचा हात मारला. दात इतका सुबक झाला की बायकोच्याही तोंडून "अगंबाई!" निघालं. मिस्त्रींनी तो डिंक लावून फटीत बसवला, आरशात पाहिलं आणि त्या आनंदात कपभर गरम चहा प्यायले. लाकडाला पाणी लागलं की ते फुगतं, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून ज्यांची जीभ झिजली होती, त्या माणसाने चहा प्यायला. तासाभरात दात फुगला आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना रेटायला लागला. मिस्त्री घरभर येरझाऱ्या घालू लागले. शेवटी तो पकडीने उपटावा लागला. या वेळी पक्कड आणली गेली. बायकोने आणली.

दुसऱ्या दिवशी वरचा ओठ भाकरीएवढा झाला, तेव्हा मिस्त्री दोन गल्ल्या पलीकडच्या दातांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला गोड होत्या. त्यांनी खुर्ची आडवी केली, दिवा तोंडावर घेतला, आरशाच्या दांडीने एकेका दातावर टकटक करत कान देऊन ऐकलं. मिस्त्रींना ते ओळखीचं वाटलं. प्लाय विकत घेताना तेही असंच ठोकून बघत.

"काका, आधी मुळाचं काम करावं लागेल. मग आत आधार, मग वर कॅप. बावीस हजार होतील."

"एका दाताचे?"

"एका दाताचे."

"मॅडम, मी सगळ्या तोंडाचं नाही विचारत."

"मीही नाही सांगत. सगळ्या तोंडाचं सांगू का?"

मिस्त्रींनी घाईघाईने नको म्हटलं. मग एका कोपरावर उठले.

"कॅप मी बाहेरून आणून दिली तर? मटेरियल माझं, तुम्ही फक्त मजुरी लावा."

हे वाक्य त्यांना स्वतःला महिन्यातून चार वेळा ऐकावं लागे, आणि त्यावर ते काय उत्तर देतात तेही त्यांना पाठ होतं. डॉक्टरीणबाईंनी अगदी तेच दिलं.

"मग गॅरंटी माझी नाही."

"बरं, बावीसच्या वर तर जाणार नाही ना?"

"ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही, काका."

हे वाक्य मिस्त्रींचं होतं. या एका वाक्यावर त्यांनी घराच्या दोन खोल्या वाढवल्या होत्या. गिऱ्हाईक बिजागरी सैल झाली म्हणून बोलवायचं, मिस्त्री दारावर दोनदा टिचकी मारून मान हलवायचे आणि म्हणायचे, "उघडल्याशिवाय सांगता येत नाही." उघडलं की काहीतरी निघायचंच. नाही निघालं तर ते काढायची जबाबदारीही मिस्त्रीच घ्यायचे. आज पहिल्यांदा ते वाक्य त्यांना खुर्चीत आडवं पडून ऐकावं लागलं, आणि बिजागरीवाल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई औषध काढायला कपाटाकडे वळल्या. भिंतभर लांबीचं लाकडी कपाट होतं. एक दार त्यांनी उघडलं, दुसरं आपोआप उघडलं आणि तिसरं त्यांनी सवयीने गुडघ्याने थोपवून धरलं.

"कुणी केलंय हे?" मिस्त्रींनी विचारलं.

"आधीच्या मालकांचं आहे. तीन सुतारांना सांगून झालं. सगळे म्हणतात येतो. कुणी येत नाही."

मिस्त्री खुर्चीतून उतरले. गळ्यात ते कागदी लाळेरं तसंच. कपाटाशी जाऊन त्यांनी दारांवर टिचक्या मारल्या, खण ओढून पाहिले, खाली बसून फळीवर नख दाबलं. ठणठणीत. चार बिजागऱ्या, दोन दारांना रंधा, फार तर एक खण नवा. तीन-चार हजारांचं काम.

"मॅडम, एक बोलू का? तुम्ही माझा दात करा, मी तुमचं कपाट करतो. पैशाचा विषयच नको. फक्त एक. उघडल्यावर आत काहीही निघो, ते यातच. वरचे पैसे मागायचे नाहीत."

"दोघांनीही?"

"दोघांनीही," मिस्त्री उदारपणे म्हणाले.

त्यांनी ते डॉक्टरीणबाईंच्या औषधं लिहायच्या कागदावर लिहून घेतलं. 'उघडल्यावर जे निघेल ते यातच. दोघांना लागू.' खाली दोन सह्या. घरी येऊन त्यांनी तो कागद बायकोसमोर धरला.

"तीन हजारांत बावीसचं काम काढलं!"

बायकोने कागद दोनदा वाचला. "तुम्ही कपाट उघडून बघितलंत?"

"ठोकून बघितलं."

"बरं," बायको म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून दाताचं काम सुरू झालं, आणि डॉक्टरीणबाईंनी उघडल्यावर निघायला लागलं ते थांबेचना. मूळ सडलेलं होतं. शेजारच्या दातात कीड होती. आणखी मागच्या दाढेत जुनं काहीतरी भरलेलं होतं आणि त्याच्या खाली अजून जुनं. एरवी अशा बातमीने माणसाच्या तोंडचं पाणी पळावं. मिस्त्रींचा चेहरा उजळत चालला.

"कीड आहे?" ते विचारायचे.

"आहे."

"बरीच?"

"बरीच आहे, काका."

"वा! डावीकडेही बघा ना जरा. तिकडेही असेल काहीतरी."

दवाखान्याच्या भिंतीवर दरपत्रक लावलेलं होतं. खुर्चीत पडल्या पडल्या ते पाठ करायचे आणि घरी येऊन सुजलेल्या तोंडाने बेरीज सांगायचे.

"आज सात हजारांचं झालं!"

"दुखलं का?" लेक विचारायची.

"खूप!" मिस्त्री समाधानाने म्हणायचे.

"तोंड सडलंय म्हणून खूश झालेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतेय," बायको म्हणाली.

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन कपाटाकडे वळले. रविवारचा दवाखाना बंद होता, डॉक्टरीणबाई खिडकीशी बसून कागद लावत होत्या. मिस्त्रींनी शीळ घालत पहिलं दार काढलं. मग खण काढला. मग मागची फळी जरा हलकी लागली म्हणून पटाशीचं टोक घालून उचकटली, आणि शीळ थांबली.

मागे फळी नव्हतीच. फळीच्या आकाराची माती होती आणि वर रंग होता. वाळवी. पुढून नख दाबलेल्या फळ्या तेवढ्या शाबूत ठेवून तिने मागचं सगळं निवांत बसून खाल्लं होतं. मिस्त्री मातीच्या रेघेमागून सरकत गेले. रेघ कपाटामागून कोपऱ्यात गेली, कोपऱ्यातून काउंटरच्या पायांत शिरली, तिथून दाराच्या चौकटीवर चढली. मिस्त्रींनी चौकटीवर टिचकी मारली. बोट आत गेलं.

"काका, काही निघालं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थोडंसं," मिस्त्री म्हणाले.

ते जमिनीवर बसून हिशोब करू लागले. कपाट नवं, काउंटर नवा, चौकट नवी. अकरा तक्ते प्लाय, वर वाळवीचं औषध. कितीही ओढूनताणून बसवलं तरी पंचावन्न हजारांच्या खाली येईना. आणि तो कागद समोरच फळ्यावर टाचलेला होता. घरून परत आणून टाचायचा आग्रह त्यांचाच.

पण मिस्त्री तीस वर्षांचे मुरलेले. घरी पोचेपर्यंत त्यांना वाट सुचली होती. मायका! वरून चिकटवायचा तो चकचकीत पत्रा. सडक्या फळ्यांना मागून दोन पट्ट्या ठोकायच्या, पुढून क्रीम रंगाचा मायका मारायचा, पितळी मुठी लावायच्या. वर्षभर कुणाच्या बापाला कळणार नाही. वर्षाने बोलावणं आलं तर म्हणायचं, येतो. सोमवारी त्यांनी मायका आणलाही, गुंडाळी करून दवाखान्यात खुर्चीशेजारच्या कोपऱ्यात उभा केला. त्या दिवशी त्यांची खुर्चीतली पाळी होती.

तोंडात कापसाचे बोळे, जबडा उघडा ठेवायची पकड, एका बाजूला लाळ ओढणारी नळी, अशा अवस्थेत ते पडले असताना डॉक्टरीणबाई थांबल्या.

"काका, एक विचारायचं होतं. मुळाशी थोडी कीड अजून आहे. ती काढायची तर अजून तीन वेळा यावं लागेल, आणि तुमच्या घरी लग्न. आज वरून कॅप बसवून टाकली तर बाहेरून कुणालाही कळणार नाही. फोटो अगदी छान येतील. पण आतलं आत राहील, आणि वर्षभरात दात हातात येईल. काय करू? बसवून टाकू?"

मिस्त्रींना बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात हवेत उंचावून नाही नाही केलं, पाय आपटले, घशातून असा काही आवाज काढला की बाहेर बसलेला पेशंट उठून घरी गेला.

"म्हणजे आतून सगळं साफ करू?"

मिस्त्रींनी जोरजोरात मान हलवली.

"मला वाटलंच होतं," डॉक्टरीणबाई हसल्या. "तुम्ही स्वतः कारागीर. आत कीड ठेवून वरून चकचकीत करणं तुम्हाला कसं चालेल?"

बोलताना त्यांचा हात सहज मायक्याच्या गुंडाळीवर टेकला. त्यांना बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. ओठ, हिरडी, जीभ सगळं बधिर केलेलं होतं. पण लाज वाटते तिथपर्यंत ते इंजेक्शन पोचलेलं नव्हतं. मिस्त्रींना लाज वाटली, आणि ती दरपत्रकात नसल्यामुळे तिचं काय करायचं हे त्यांना कळेना.

संध्याकाळी ते घरी आले आणि पुढच्या खोलीतल्या अर्धवट कपाटासमोर उभे राहिले. बाजूला न कापलेला उत्तम प्रतीचा प्लाय रचून ठेवलेला, लेकीसाठी निवडून निवडून आणलेला. बरोबर अकरा तक्ते.

"घेऊन जा," मागून लेक म्हणाली. वाळवीचं मिस्त्रींनी रविवारी रात्रीच बायकोला सांगितलं होतं, आणि बायकोने लेकीला.

"अगं पण तुझं कपाट..."

"कपाट नंतर करा. मला फोटोत दात हवाय."

"फार स्वस्तात पडला हो दात," बायको म्हणाली, पण तक्ते उचलायला तिनेच दुसऱ्या बाजूने हात लावला.

पुढचे पाच दिवस मिस्त्री दवाखान्यातच होते. तासभर खुर्चीत, बाकी वेळ जमिनीवर. तीस वर्षांत केलं नसेल असं काम त्यांनी केलं. खणांच्या मागच्या बाजूलासुद्धा पॉलिश मारलं, जिथे फक्त झुरळं बघणार होती. मायका त्यांनी अर्ध्या किमतीत दुकानदाराला परत केला. शनिवारी दुपारी शेवटची बिजागरी बसली आणि त्यानंतर वीस मिनिटांनी कॅप बसली. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, फक्त तेवढंच दार उघडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रींनी आरशात दात पाहिला. त्यांच्याही आलं.

"काका, आता या दाताने खिळा धरायचा नाही. कबूल?"

"कबूल, मॅडम. उद्या लग्नाला यायचं."

लग्नाच्या दिवशी मिस्त्री सकाळपासून हसत होते. वाढप्यांना हसले, वीजवाल्याला हसले, चप्पल सांभाळणाऱ्याला हसले. विहीणबाईंनी बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांची तब्येत बरी आहे ना?"

मग तो फोटो आला. स्टेजवर लेक, जावई, विहीणबाई, बायको. फोटोवाला ओरडला, "मुलीचे बाबा, मध्ये या!" मिस्त्री मध्ये आले, लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडणार इतक्यात त्यांची नजर खाली गेली. स्टेजच्या फळीतून एक वाकडा खिळा वर आला होता, लेकीच्या साडीच्या काठापासून बोटभर अंतरावर.

असा खिळा बघून न बघितल्यासारखं करणं मिस्त्रींना या जन्मात शक्य नव्हतं. वीजवाल्याची पक्कड स्पीकरच्या खोक्यावर पडलेली होती. चार पावलांवर. मिस्त्री गुडघ्यांवर बसले, वाकले, आणि तोंड खिळ्याकडे नेलं.

"नकोऽऽ!" लेक किंचाळली. बायको किंचाळली. जावयाला सगळी गोष्ट ठाऊक होती, तो किंचाळला. विहीणबाईंना काहीच ठाऊक नव्हतं, त्या बाकीचे किंचाळले म्हणून किंचाळल्या. पहिल्या रांगेत डॉक्टरीणबाई ताट घेऊन ताडकन उभ्या राहिल्या. मिस्त्री थबकले, ओठ घट्ट मिटले आणि समोर बघितलं. नेमकं त्याच क्षणी फोटोवाल्याने बटण दाबलं.

त्यानंतर मिस्त्री उठले, चार पावलं चालत जाऊन पक्कड आणली आणि खिळा काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण फोटोवाल्याच्या पुढे आहेर घेऊन उभ्या असलेल्यांची रांग लागली होती, आणि पुन्हा तो फोटो काढायचं राहून गेलं.

महिन्याभराने मिस्त्री फोटो घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तो दिव्याखाली धरला. स्टेजवरचा एकूण एक माणूस जबडा उघडून होता, सगळ्यांचे सगळे दात मोजून घ्यावेत इतके स्वच्छ आले होते. मध्यभागी एकच माणूस ओठ मिटून, डोळे वटारून, पोलीस चौकीत बसल्यासारखा.

"अरेरे! मग तिचा फोटो राहिलाच?"

"राहिला नाही." मिस्त्रींनी खिशातून दुसरा काढला. लेक गाडीत बसत होती आणि मिस्त्री दाराला धरून, लहान मुलासारखं भोकाड पसरून रडत होते. तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. आणि मधोमध तो दात, पांढराशुभ्र, एकदम सरळ रेषेत. "तिने हाच मोठा करून घेतलाय. भिंतीला लावलाय. कपाट नाही ना अजून, भिंत मोकळी होती."

डॉक्टरीणबाईंनी तो फोटोही दिव्याखाली धरून पाहिला. मग त्यांनी स्टेजवरचा फोटो पुन्हा उचलला आणि डोळ्यांजवळ नेला.

"काका, या कोण?"

"विहीणबाई."

"खालची उजवी दाढ. आणि हे?"

"जावई."

"त्यांच्या तर दोन आहेत. दोघांनाही घेऊन या."

"किती होतील?"

"ते उघडल्याशिवाय..." डॉक्टरीणबाई बोलता बोलता थांबल्या.

मिस्त्रींनी खोलीभर नजर फिरवली. कपाट झालं होतं, काउंटर झाला होता, चौकट झाली होती. रस्त्याच्या बाजूला दोन लाकडी खिडक्या राहिल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहायचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"थांबा, मॅडम," मिस्त्री घाईने म्हणाले आणि कानावरची पेन्सिल खिशात टाकून खिडकीकडे निघाले. "कागद मग लिहू. आधी उघडून बघतो."